सोळा मात्रा, पाच टाळ्या : काँगोची रुंबा ऐकायची कशी

तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजायला घ्या. बोल म्हणायची गरज नाही, नुसते आकडे पुरेत. लय जरा चढी ठेवा, भजन रंगात आल्यावर असते तेवढी. आता टाळी फक्त पाच ठिकाणी द्या : पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी मात्रा. बाकी वेळ हात मोकळे.

सुरुवातीला चुकेल. आपला हात सवयीने पाचवीकडे धावतो आणि चौथी निसटते. पण चार-सहा आवर्तनं झाली की गंमत कळायला लागते. पहिल्या तीन टाळ्या तुम्हाला पुढे ढकलतात, तोल घालवतात. उरलेल्या दोन सावरून पुन्हा समेवर आणून सोडतात. ढकलणं आणि सावरणं, ढकलणं आणि सावरणं. पाय हलायला लागले असतील तर हलू द्या.

तुम्ही आत्ता वाजवलात तो क्यूबाचा 'क्लावे'. टिपऱ्यांसारख्या दोन जाड, आखूड लाकडी काठ्या एकमेकींवर आपटून तो वाजवतात आणि त्या काठ्यांनाही क्लावेच म्हणतात. सोळा मात्रांचा हिशेब आपल्या सोयीचा. हवानातला वादक असा मोजत बसत नाही, त्याच्या अंगातच तो असतो. पण आपल्याला दार उघडायला हा हिशेब बरा पडतो, कारण १९३० ते १९८० या काळातलं अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचं केवढं तरी संगीत या पाच टाळ्यांवर किंवा त्यांच्या भावंडांवर उभं आहे.

आफ्रिका आणि कॅरिबियनचं जुनं लोकप्रिय संगीत ऐकायचं ठरवलं की माणूस पहिल्या दिवशीच बुडतो. घानाचं हायलाइफ, त्रिनिदादचं कॅलिप्सो, हैतीचं कोंपा, जमैकाचं स्का, गिनीचे सरकारी बँड... नावांची जत्रा. म्हणून मी इथे एकच वाट धरणार आहे : हवाना ते किन्शासा, म्हणजे क्यूबाच्या राजधानीपासून काँगोच्या राजधानीपर्यंत. तेवढी नीट चाललो तर बाकीच्या वाटा तिलाच येऊन मिळतात.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाकू. आफ्रिकी संगीत म्हटलं की शेकोटी, ढोल आणि जंगल डोळ्यांसमोर येतं. आपण ऐकणार आहोत ते संगीत मात्र पक्कं शहरी आहे. बिअर बार, रेडिओ, ग्रामोफोनची दुकानं, इलेक्ट्रिक गिटार आणि इस्त्रीचे सूट यांच्यात ते वाढलं. त्यात ढोलापेक्षा गिटारीकडे जास्त लक्ष द्यायचं असतं.

शेंगदाणेवाल्याची आरोळी

गुलामांच्या व्यापारात सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबली गेली. त्यांतला सगळ्यांत मोठा गट काँगो-अंगोलाच्या पट्ट्यातला होता. क्यूबात गुलामी कायद्याने संपली ती थेट १८८६ मध्ये. म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जन्मलेल्या एखाद्या मुलाचा आजा स्वतः जहाजातून आलेला असू शकत होता. आर्सेनियो रॉड्रिगेस हा असाच एक. लहानपणी घोड्याच्या लाथेने त्याची दृष्टी गेली, पुढे तो 'त्रेस' नावाच्या गिटारीसारख्या वाद्याचा उस्ताद झाला. त्याचे आजोबा काँगोतून आणलेले. नाचाच्या वाद्यवृंदात काँगा हा उभा, हाताने वाजवायचा ढोल कायमचा बसवण्याचं श्रेय बहुतेक जण त्यालाच देतात. त्या ढोलाचं नाव पुन्हा एकदा वाचा.

क्यूबाच्या पूर्व भागात स्पॅनिश गिटार, कडवी रचायची स्पॅनिश रीत, आणि आफ्रिकी ढोल व सवाल-जवाबाची गायकी यांच्या मिश्रणातून 'सोन' नावाचा प्रकार तयार झाला. एक जण ओळ टाकतो, बाकीचे ठरलेली ओळ परत म्हणतात, खाली क्लावे चालू. आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी जी ओढतात, त्याच जातीची ही मांडणी.

१९३० मध्ये डॉन आस्पियासू यांच्या हवानाच्या वाद्यवृंदाने न्यूयॉर्कमध्ये 'एल मानिसेरो' ध्वनिमुद्रित केलं. गाणं मोइसेस सिमोन्स यांचं, आवाज आंतोनियो माचिन यांचा. मानिसेरो म्हणजे शेंगदाणेवाला. कागदाच्या पुंगळीत भाजलेले शेंगदाणे विकणाऱ्याची आरोळी, एवढाच त्याचा विषय. पण त्या तबकडीने जगभर धुमाकूळ घातला. गाण्याचा प्रकार सोनच्या घराण्यातला. कंपनीने लेबलवर छापलं 'रुंबा'. क्यूबात खरी रुंबा म्हणजे निव्वळ ढोल आणि गळे यांचा वेगळाच खेळ. पण 'सोन' हा शब्द इंग्रजी कानाला 'साँग'सारखा ऐकू येणार, त्यापेक्षा रुंबा बरं, असा व्यापारी हिशेब. काँगोत आज जिला रुंबा म्हणतात, तिचं बारसं अशा एका चुकीच्या लेबलवर झालेलं आहे.

त्या लाटेचं पाणी आपल्या दारापर्यंतही आलं होतं. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 'अलबेला'मधल्या 'शोला जो भडके'साठी बोंगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन एकत्र आणले. 'समाधी'मधल्या 'गोरे गोरे ओ बांके छोरे'ची चाल तर एका अमेरिकी चित्रपटातल्या लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून घेतलेली. त्यांच्याभोवती वाजवणारे गोव्याचे वादक रात्री हॉटेलांत हेच सूर वाजवून दिवसा स्टुडिओत येत. आपल्या आजीने 'गोरे गोरे' गुणगुणलं असेल, तर क्यूबाशी तिची तोंडओळख झालेली होती. कुणी सांगितलं नाही एवढंच.

लाखेच्या तबकड्या परत फिरतात

१९३३ मध्ये एच.एम.व्ही.ने लॅटिन अमेरिकी संगीताची एक खास मालिका काढली. तिच्या तबकड्यांच्या क्रमांकाआधी 'जी.व्ही.' ही अक्षरं असत. पहिला क्रमांक अर्थात शेंगदाणेवाल्याचा. पुढच्या पंचवीसेक वर्षांत अशा दोनशेहून अधिक तबकड्या निघाल्या आणि आफ्रिकेच्या बंदरांतून आत आत गेल्या. मातामोरोस त्रयी, सेक्स्टेटो आबानेरो यांची गाणी काँगो नदीच्या काठावर वाजू लागली.

या तबकड्या ७८च्या, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या. त्या बनत लाखेपासून, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश होता भारत. छोटा नागपूरच्या जंगलात, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या बाजूला, पळस आणि कुसुमाच्या झाडांवर किडे जी राळ सोडतात तीच ही लाख. स्पॅनिश गाणं, न्यूयॉर्कचा स्टुडिओ, इंग्रज कंपनी, आपल्या झाडांवरची लाख आणि ऐकणारा काँगोचा रेल्वे कामगार. इतकी मिसळ असलेली वस्तू त्या काळात दुसरी क्वचितच असेल.

काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत होती आणि आजच्या किन्शासाचं नाव होतं लेओपोल्डव्हिल. नदीच्या अगदी समोर, दिसेल इतक्या अंतरावर, फ्रेंचांचं ब्राझाव्हिल. गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची 'सिते' वेगळी. सितेत गावोगावचे लोक येऊन राहिलेले, प्रत्येकाची भाषा वेगळी. त्यांना जोडणारी बोली होती लिंगाला, नदीवरच्या व्यापाराची आणि फौजेची भाषा. नवं शहर, खिशात थोडा पगार, रात्री बसायला बार. गावाकडची गाणी इथे पुरी पडत नव्हती, कारण इथे सगळ्यांचं मिळून एक गावच नव्हतं.

अशा वेळी क्यूबाची तबकडी वाजली आणि ऐकणाऱ्यांना ती ओळखीची वाटली. का वाटली, याची दोन कारणं मला पटतात. एक तर ठेका. लोखंडी पट्ट्यांच्या 'लिकेंबे' या वाद्यावर अंगठ्यांनी जे छोटे छोटे फिरते तुकडे वाजवतात, त्याच स्वभावाचे तुकडे क्यूबाचा पियानोवाला वाजवत होता. घरातून नेलेली वस्तू पॉलिश होऊन परत आली होती. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं : हे संगीत आधुनिक होतं, पण मालकाचं नव्हतं. सूट घालून, तुताऱ्या वाजवून, शहरी दिमाखात गाणारे हे लोक काळे होते आणि फ्रेंच बोलत नव्हते. बेल्जियन न होता आधुनिक होता येतं, हे त्या तबकडीने दाखवलं. सुरुवातीची काही वर्षं काँगोचे गायक स्पॅनिशसारखे ऐकू येणारे शब्द ठोकून देत. अर्थ ना गाणाऱ्याला, ना ऐकणाऱ्याला. मग हळूहळू लिंगाला आली आणि तिने घर व्यापलं.

गिटारची लग्गी

१९४८ मध्ये निकोलस जेरोनिमिदिस या ग्रीक व्यापाऱ्याने लेओपोल्डव्हिलमध्ये 'न्गोमा' ही रेकॉर्ड कंपनी काढली. न्गोमा म्हणजे ढोल. मागोमाग ओपिका, लोनिंगिसा अशा आणखी कंपन्या आल्या. परकी गाणी आयात करण्याऐवजी इथल्या पोरांची गाणी इथेच मुद्रित करून विकायची, हा साधा धंद्याचा विचार. त्याच वर्षी वेन्डो कोलोसॉय या नदीवरच्या बोटीत मेकॅनिक म्हणून काम केलेल्या गायकाने 'मारी-लुईझ' गायलं. गिटारीवर आँरी बोवाने. गाणं इतकं गाजलं की ते मध्यरात्री वाजवलं तर मेलेले उठून बसतात, अशी वदंता पसरली आणि पाद्री खवळले.

'मारी-लुईझ' आज ऐकलंत तर पहिल्यांदा कदाचित निराशा होईल. आवाज डब्यातून आल्यासारखा, खरखर भरपूर. पण एका जागी कान द्या. गाणारा थांबतो आणि बोवानेची गिटार एकटी पुढे येऊन तोच तुकडा फिरवत राहते. काँगोत त्याला 'सेबेन' म्हणतात आणि पुढची चाळीस वर्षं याच जागेची वाढ होत गेली.

सेबेन समजावण्यासाठी मराठी माणसाला लांब जावं लागत नाही. ठुमरी संपत आली की गायिका मुखड्यावर स्थिरावते आणि तबलजी लग्गी लावतो. आतापर्यंत शब्दांना धरून चाललेलं गाणं एकदम नाचायला लागतं. लावणीत ढोलकीवाला सुटतो तेव्हाही हेच होतं. काँगोच्या रुंबेत तबलजीचं हे काम गिटारी करतात. आधी संथ चाल, दोन-तीन गळे एकत्र, कुणीतरी सोडून गेल्याची तक्रार. मग लय चढते, शब्द बाजूला होतात आणि गिटार सुटतात. बारमधली माणसं खुर्च्यांवरून उठत ती त्याच क्षणी.

गिटार किती असतात ते मोजायला शिका. हा माझा या लेखातला सगळ्यांत उपयोगी सल्ला. सहसा तीन. एक तालाची, खालच्या पट्टीत तोच तोच तुकडा न थकता विणणारी. एक पुढची, उंच आवाजात बोलणारी, तिला 'सोलो' म्हणतात. आणि या दोघींच्या मधली 'मी-सोलो', म्हणजे अर्धी सोलो. ती ना पूर्ण ताल देते ना पूर्ण पुढे येते. दोघींमधल्या फटी भरते. हेडफोन लावून एका वेळी एकच गिटार पकडायची आणि गाणं संपेपर्यंत तिचा हात सोडायचा नाही. तिसऱ्यांदा ऐकताना मी-सोलो सापडली की बाकीचं आपोआप उलगडतं. अगदी जुन्या गाण्यांत ती नसते, हे लक्षात असू द्या. १९६०च्या पुढच्या गाण्यांत शोधा.

गाण्यांची लांबी तबकडीने ठरवली, कलावंताने नव्हे. ७८च्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. म्हणून तेव्हाचं सेबेन म्हणजे चार घास. मग लहान ४५च्या तबकड्या आल्या. त्यांवर गाणं 'भाग १' आणि 'भाग २' असं दोन बाजूंना कापलेलं असे. भाग १ ऐकून तबकडी उलटायची आणि सेबेनला उभं राहायचं. मोठ्या तबकड्या आल्यावर गाणी दहा-बारा मिनिटांच्या पुढे गेली आणि लग्गीच मुख्य जेवण झालं.

फ्रँको आणि काले

लुआंबो मकियादी, सगळे ज्याला फ्रँको म्हणतात, तो १९३८चा. आई बाजारात भजीसारखे गोड तळलेले गोळे विकायची. पोराने डब्याला तारा बांधून गिटार केली आणि आईच्या टोपलीशेजारी बसून वाजवायला लागला. १९५६ मध्ये त्याने आणि मित्रांनी 'ओ.के. जाझ' हा बँड उभा केला. नाव पडलं ते ज्या बारमध्ये ते वाजवत त्यावरून. त्यांचं सुरुवातीचंच घोषवाक्य मोठं झकास : आत येताना ओके, बाहेर पडताना केओ, म्हणजे मुष्टियुद्धातल्यासारखे आडवे. फ्रँको अंगठा आणि तर्जनी वापरून दोन-दोन तारा एकदम छेडायचा. त्यामुळे त्याची गिटार एकटीच दुपदरी बोलते. ती गोड नाही. तिला धार आहे, थोडा उद्धटपणा आहे.

समोरच्या बाजूला जोसेफ कबासेले, म्हणजे 'ग्राँ काले', थोरला काले. त्याचा 'आफ्रिकन जाझ' १९५३चा. आवाज मऊ, वाद्यवृंद शिस्तीचा, आणि गिटारीवर निको कसांदा, ज्याला लोकांनी 'डॉक्टर' ही पदवी बहाल केली. निकोची गिटार पाण्यासारखी वाहते. दोन घराणीच म्हणा ना. काँगोत आजही जुनी माणसं या दोघांवरून वाद घालतात. माझं मत विचाराल तर पहिल्या महिन्यात निको ऐका, मग फ्रँकोकडे जा; उलट केलंत तर निको फारच सभ्य वाटेल.

जानेवारी १९६०. काँगोच्या स्वातंत्र्याची बोलणी करायला नेतेमंडळी ब्रुसेल्सला गोलमेज परिषदेला गेली आणि सोबत बँडही गेला. कबासेलेने आफ्रिकन जाझमध्ये ओ.के. जाझचे दोन कलावंत मिसळून संघ बांधला. स्वातंत्र्याची तारीख ३० जून ठरली आणि तिथल्या तिथे गाणं तयार झालं : 'एंदेपांदांस चा चा'. ठेका क्यूबाच्या चा-चा-चाचा, शब्द लिंगाला. त्यात काय आहे? पक्षांची आणि पुढाऱ्यांची नावं, एकापुढे एक. लुमुंबा, कासावुबू, कलोंजी, बोलिकांगो. एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं त्या गाण्यात एका ओळीत उभी आहेत. त्या वर्षी आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले आणि हे गाणं त्यांतल्या कितीतरी देशांच्या रेडिओवर वाजत राहिलं.

जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबांची, म्हणजे देशाच्या पहिल्या पंतप्रधानांची, हत्या झाली. हे माहीत असताना ते गाणं ऐकणं सोपं नाही. चाल मात्र तशीच हसरी आहे, तिला पुढचं काही ठाऊक नसतं.

पुढे मोबुटू या लष्करशहाची सत्ता आली. १९७१ मध्ये देशाचं नाव झैर झालं. पाश्चात्त्य नावं, पाश्चात्त्य कपडे टाकून 'अस्सल' व्हायचा हुकूम निघाला. संगीतकारांना सरकारी पैसा मिळाला आणि सरकारी गुणगान करावं लागलं. फ्रँकोने दोन्ही केलं : स्तुतीची गाणीही गायली आणि टोमण्यांच्या गाण्यांसाठी तुरुंगातही गेला. १९७३ मधलं त्याचं 'आझ्दा' तर फोक्सवॅगन गाड्या विकणाऱ्या दुकानाची जाहिरात आहे, आणि तरीही त्याच्या उत्तम गाण्यांत मोडतं. जाहिरात म्हणून नाक मुरडू नका. पैसे देणाऱ्याचं नाव गाण्यात घ्यायची पद्धत तिथे चांगलीच रुळली. तिला 'लिबांगा' म्हणतात. तमाशात दौलतजादा करणाऱ्याचं नाव पुकारतात, त्याच धर्तीचा हा प्रकार. एखाद्या गाण्यात सेबेनच्या मधोमध कुणीतरी ओरडून पाच-सहा नावं घेतली, तर ती नायक-नायिकांची असतीलच असं नाही.

तबू ले रोशरो हा कबासेलेच्या तालमीत वाढलेला गायक. १९७० मध्ये त्याने पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहात गाऊन दाखवलं, आणि पुढे १९८०च्या दशकात त्याच्या 'आफ्रिसा' या बँडमधून म्बिलिया बेल ही गायिका पुढे आली. पुरुषांनी भरलेल्या या दुनियेत तिचा आवाज पहिल्यांदा ऐकणं म्हणजे खिडकी उघडण्यासारखं आहे. फ्रँकोचं 'मारियो' १९८५चं : श्रीमंत बाईच्या जिवावर जगणाऱ्या शिकलेल्या तरुणाची हजेरी. भाषा कळत नसूनही त्यातला खट्याळ वैताग पोचतो. १९८९ मध्ये फ्रँको गेला तेव्हा देशात चार दिवसांचा दुखवटा होता.

तारीख नसलेल्या तबकडीची तारीख

जुन्या आफ्रिकी तबकड्यांवर आणि त्यांवरून केलेल्या संग्रहांवर वर्ष बहुधा नसतं. असलं तर चुकीचं असू शकतं. पण इथल्या राजकारणाने आपल्यासाठी खुणा ठेवल्या आहेत. लेबलवर 'लेओपोल्डव्हिल' दिसलं तर तबकडी १९६६च्या आधीची समजा, कारण त्या वर्षी शहराचं नाव किन्शासा झालं. 'झैर' दिसलं तर १९७१ ते १९९७ या दरम्यानची. गायकाचं नाव ख्रिस्ती धाटणीचं असेल तर बहुधा १९७२च्या आधीचं. त्यानंतर ती नावं टाकायला लावली, म्हणून नुसता 'रोशरो' हा 'तबू ले' झाला आणि फ्रँकोच्या नावापुढे भली मोठी शेपटी लागली. बॉम्बे आणि मुंबईवरून आपण जुनं पत्र ओळखतो, तसंच हे.

शिवाय एकच बँड चार नावांनी सापडतो. ओ.के. जाझ पुढे 'टी.पी.ओ.के. जाझ' झाला; टी.पी. म्हणजे सर्वशक्तिमान. फ्रेंच स्पेलिंग एक, इंग्रजी दुसरं. शोधताना एक नाव हाती लागलं नाही म्हणून सोडू नका.

काँगोबाहेर पाऊल टाकायचं असेल तर गिनीचा खजिना मोठा आहे. तिथल्या सरकारी रेडिओच्या साठ्यातली नऊ हजारांहून अधिक गाणी संगणकावर उतरवून ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहात ठेवली आहेत. घानाच्या ई. टी. मेन्सा यांचं हायलाइफ त्याहून सोपं, पहिल्याच ऐकण्यात आवडणारं. केनियाकडे वळलात तर एक ओळखीचं आडनाव भेटेल : केरिचो या चहाच्या मळ्यांच्या गावात चंदाराणा या गुजराती घराण्याचं रेकॉर्डचं दुकान, स्टुडिओ आणि कंपनी होती, आणि तिथल्या लुओ भाषेतल्या बेंगा गाण्यांचा केवढा तरी साठा त्यांनी मुद्रित केला. त्रिनिदादमध्ये तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड शॉर्टी याने कॅलिप्सोत ढोलक आणि धनताल (ताल धरायची लोखंडी कांब) आणून 'सोका' घडवली. भारतातून करारावर गेलेल्या गिरमिटिया मजुरांनी नेलेला ठेका तिथल्या कार्निव्हलच्या रस्त्यावर नाचायला लागला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पैशांबद्दल एक कडवट गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा याने १९३९ मध्ये 'म्बुबे' गायलं; त्याचीच पुढे सिंहावरची जगप्रसिद्ध इंग्रजी आवृत्ती झाली. १९६२ मध्ये तो गरिबीत गेला. त्याच्या मुलींना न्याय्य तडजोड मिळायला २००६ उजाडलं. म्हणून जुनी गाणी नव्याने काढणाऱ्या कंपनीची तबकडी घेताना आत वादकांची नावं आणि हक्कांचा उल्लेख आहे का, हे मी आधी बघतो. नावं नसतील तर परत ठेवतो.

नाव खरवडलेली गाणी

वाट हवानाहून किन्शासाला आली, तिथे संपली नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये किन्शासात मोठा संगीत महोत्सव झाला. अली आणि फोरमन यांच्या मुष्टियुद्धाला जोडून आखलेला. हवानात जन्मलेली सेलिया क्रूस तिथे गायली आणि फ्रँकोही वाजवून गेला. स्टेडियममधल्या लोकांना तिचं स्पॅनिश कळत नव्हतं. ठेका कळत होता.

त्याच सुमाराला कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, कार्ताखेना आणि बारांकिया या बंदरांत, खलाशी आफ्रिकेतल्या तबकड्या आणून विकत होते. तिथल्या गरीब, बहुतांशी काळ्या वस्त्यांत 'पिको' असत : भिंतीएवढे, भडक रंगांनी चित्रं काढलेले स्पीकर, आपल्या गणपती-मिरवणुकीतल्या डीजेचे चुलते. दर आठवड्याला पिकोंची आपसांत चढाओढ. ज्याच्याकडे कुणाकडेच नसलेलं गाणं, त्याच्याकडे गर्दी. मग पिकोवाले काय करत? काँगोहून, नायजेरियाहून आलेल्या तबकडीचं वेष्टण फेकून देत आणि मधलं लेबल खरवडून काढत. प्रतिस्पर्ध्याला गायकाचं नाव कळता कामा नये. लिंगालातले शब्द स्पॅनिश कानाला जसे ऐकू येत, त्यावरून गाण्याला तिथलंच नवं नाव पडे. या गाण्यांवर नाचत नाचत 'चांपेता' हा कोलंबियाचा स्वतःचा प्रकार तयार झाला. नाव मासळी बाजारात वापरायच्या सुरीवरून, आणि भल्या घरच्यांनी ते आधी शिवीसारखं वापरलं.

आता फोन धरला की यंत्र गाण्याचं नाव सांगतं, पिकोवाल्यांची ती युक्ती गेली. तरी जुन्या तबकड्यांच्या ढिगात अजून एखादी अशी येते : मधला कागद नाण्याने ओरबाडलेला, त्यावर पेनाने लिहिलेलं कुठलंसं स्पॅनिश टोपणनाव. यंत्राला ती ओळखता येत नाही, इतकी ती दुर्मीळ. अशा वेळी आधी मधली गिटार शोधायची, मग सेबेन कितव्या मिनिटाला सुटतं ते बघायचं, आणि गाणं 'भाग २'पासूनच सुरू झाल्यासारखं वाटलं तर तबकडी उलटायची.